मजेचा हिशेब

सहलीला निघालेल्या कुटुंबाइतके गंभीर कुटुंब माझ्या पाहण्यात नाही. मे महिन्यात किंवा दिवाळीच्या सुट्टीत पहाटे पाचच्या सुमाराला नाशिकच्या द्वारका चौकात उभे राहावे आणि मुंबईच्या दिशेने जाणाऱ्या मोटारींत जरा डोकावावे. पुढे बसलेले वडील समोरच्या रस्त्याकडे असे पाहत असतात, की जणू आज त्यांची कोर्टात तारीख आहे. मागे बसलेली आई सामानाची यादी मनातल्या मनात तिसऱ्यांदा तपासत असते. मुले अर्धवट झोपेत एकमेकांच्या अंगावर कलंडलेली असतात, आणि सगळ्यांच्या पायांमध्ये पाण्याचा मोठा थोरला जार मानकऱ्यासारखा बसलेला असतो. लग्नाला निघालेली माणसे वाटभर बडबडतात. मयतीला निघालेली माणसेसुद्धा चहाला थांबली की दोन शब्द बोलतात. मजा करायला निघालेली माणसे मात्र गप्प असतात. कारण त्यांच्या डोक्यावर केवढी तरी जबाबदारी असते. संध्याकाळी सातच्या आत त्यांना आनंदी व्हायचे असते!

आमच्या लहानपणी ही जबाबदारी कुणावर नव्हती. मजा तेव्हाही होती, पण ती कुणी काढायला जात नसे. नवरात्रात जुन्या आग्रा रोडवर कालिकामातेची यात्रा भरते. आजही भरते. घरातली सगळी माणसे मिळून यात्रेला जायची ती देवीच्या दर्शनाला. आईची ओटी भरून व्हायची, रांगेत उभे राहून दर्शन व्हायचे, आणि मग बाहेर आल्यावर रहाटपाळणा, पिपाण्या, भेळ, मौत का कुआँ यांचे राज्य सुरू व्हायचे. पाळण्यात बसायला मिळाले तर ती देवीच्या दर्शनावरची वरकड मिळकत. नाही मिळाले, तरी दर्शन झालेले असे; यात्रा काही फुकट गेलेली नसे. घरी परतल्यावर वडील आम्हांला एवढेच विचारीत, "नारळ पिशवीत ठेवला ना?" मजा आली का, हे त्यांनी कधीच विचारले नाही. विचारण्यासारखी ती गोष्ट आहे, हेच त्यांना ठाऊक नव्हते.

त्र्यंबकेश्वरला श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी करणारी माणसे पाहा. रात्रभर पावसात चालायचे, चिखलात घसरायचे, तळपायांना फोड आणायचे, आणि सकाळी एस.टी.त उभे राहून नाशिकला परतायचे. इतके हाल होऊनही परतणारा माणूस प्रसन्न असतो. "कशी झाली फेरी?" म्हणून विचारले, तर तो म्हणतो, "झाली!" त्या एका शब्दात सगळे आले. हालांबद्दल त्याची तक्रार नसते, कारण सुख मिळेल असे त्याला कुणी सांगितलेलेच नसते.

आता निव्वळ सुख विकणाऱ्या जागा झाल्या आहेत. तिथे देव नाही, बाजार नाही, बैलांची खरेदी नाही. तिथे जायचे ते केवळ मजेसाठी. शिर्डीला तर साईतीर्थ नावाचे भक्तीचेच उद्यान झाले आहे. म्हणजे यात्रेतला पाळणा एवढा मोठा झाला, की अखेर त्याने देवालाही आपल्याजवळ बोलावून घेतले.

या उद्यानांचा उगम मोठा गमतीचा आहे. वॉल्ट डिस्ने आपल्या दोन मुलींना सुट्टीच्या दिवशी लॉस एंजेलिसमधल्या ग्रिफिथ पार्कमध्ये घेऊन जात असे. मुली लाकडी घोड्यांच्या चक्रात बसत, आणि बाप बाकावर बसून शेंगदाणे खात त्यांच्याकडे पाहत राही. तिथे त्याच्या मनात आले, की आईबापांना आणि मुलांना एकत्र मजा करता येईल अशी एखादी जागा का असू नये? त्या बाकावरच्या विचारातून १७ जुलै १९५५ रोजी डिस्नेलँड उघडले. पहिल्याच दिवशी खोटी तिकिटे घेऊन हजारो माणसे आत शिरली, पिण्याच्या पाण्याचे नळ कोरडे पडले, आणि उन्हाने नवे डांबर मऊ होऊन बायकांच्या उंच टाचा रस्त्यात रुतल्या. जगातल्या या सर्वांत नामांकित आनंदनगरीचा पहिला दिवस, थोडक्यात, आपल्या कोणत्याही कौटुंबिक सहलीसारखाच गेला. पुढे चारच वर्षांनी, १९५९ च्या सप्टेंबरात, रशियाचे ख्रुश्चेव्ह अमेरिकेत आले असता सुरक्षिततेच्या कारणावरून त्यांना डिस्नेलँड दाखवायला नकार मिळाला, तेव्हा ते भर मेजवानीत रागावले. ज्याच्या हाताशी अणुबॉम्ब होते, त्या माणसानेही पाळण्यात बसायला मिळाले नाही म्हणून फुरंगटून बसावे, यात मला मोठा दिलासा वाटतो.

आपल्याकडे १९८२ च्या एशियाड खेळांतल्या हत्तीच्या पिलाचे नाव घेऊन दिल्लीत १९८४ साली अप्पूघर निघाले. ते २००८ साली बंद झाले. मुंबईजवळ गोराईला १९८९ मध्ये एस्सेलवर्ल्ड सुरू झाले, खाडी ओलांडून तिथे बोटीने जाता येई. २०१३ साली खोपोलीजवळ इमॅजिका उभे राहिले. आता तर जिल्ह्याजिल्ह्यांत पाण्याची उद्याने आहेत. उन्हाळ्यात ज्या गावाला प्यायला टँकर येतो, त्या गावाच्या शिवारात कृत्रिम लाटा उसळतात. असो. तो विषय निराळा आहे.

मी शाळामास्तर असल्यामुळे यंत्र कसे चालते हे पाहिल्याखेरीज मला चैन पडत नाही. या उद्यानांतली ती प्रचंड उंच, वेडीवाकडी झुकगाडी पाहिली की वाटते, केवढे मोठे इंजिन हिला लागत असेल! परंतु बहुतेक गाड्यांना इंजिन नसतेच. एक साखळी त्या गाडीला कटकट करीत उंचावर ओढून नेते आणि तिथे सोडून देते. पुढचा सगळा वेग हा त्या उंचीचा असतो. जेवढे वर चढवाल तेवढ्या जोराने ती खाली येते. माझ्या मते सबंध सहलीचेही असेच आहे. महिना-दोन महिने अपेक्षांची साखळी कुटुंबाला वर वर ओढीत असते. मग त्या दिवशी सकाळी दहाला ती सुटते, आणि पुढे काय होईल ते कुणाच्याच हातात राहत नाही.

आणि त्या दीड-दोन मिनिटांच्या वेगासाठी तासभर रांग! लोखंडी कठड्यांनी घातलेल्या घड्यांमधून ती रांग अशी फिरते, की माणसाला आपण पुढे सरकतो आहोत असे सारखे वाटावे. मघाशी ज्यांच्या पाठीकडे पाहत होतो, त्यांचेच चेहरे दोन मिनिटांनी समोर येतात. सगळ्या चेहऱ्यांवर तोच भाव असतो: एवढे पैसे भरले आहेत, आता मजा यायलाच हवी.

हा भाव मी अगदी जवळून पाहिला तो माझ्या थोरल्या भावाच्या चेहऱ्यावर.

दादा माझ्याहून बारा वर्षांनी मोठा. सातपूरच्या एका कारखान्यात त्याने सारी उमर काढली. १९९६ साली त्याचा मुलगा, म्हणजे माझा पुतण्या, सात वर्षांचा होता. टीव्हीवर तेव्हा एस्सेलवर्ल्डची ती जाहिरात सारखी लागे. तिथे गेलेल्या मुलाला घरी परतायचेच नसते, असा तिचा रोख होता. पुतण्याने ती पाहिली आणि हट्ट धरला. दादा म्हणाला, "पुढच्या मेमध्ये जाऊ." पुढच्या मेमध्ये आमच्या वडिलांचे दुखणे निघाले. त्याच्या पुढच्या मेमध्ये बहिणीचे लग्न ठरले. मग कारखान्यातले काम कमी झाले आणि पगार महिना-महिना लांबू लागले. पुतण्या तेरा वर्षांचा झाला आणि त्याने विचारणे सोडून दिले. मुलाने हट्ट सोडला की बापाची सुटका होते, असे म्हणतात. दादाची झाली नसावी. कारण २०२२ साली ते उद्यान बंद झाल्याची बातमी आली, तेव्हा वर्तमानपत्राची घडी घालता घालता तो एवढेच म्हणाला, "बंद झालं म्हणे ते." कोणते, ते मला विचारावे लागले नाही.

निवृत्त झाल्यावर पहिल्याच दिवाळीत, लक्ष्मीपूजन आटोपल्यावर त्याने जाहीर केले, "मेमध्ये सगळ्यांनी जायचं. अकराच्या अकरा जणांनी. खर्च माझा."

पुतण्या म्हणाला, "अण्णा, कशाला एवढा खर्च?"

"मी तुला विचारलं नाही," दादा म्हणाला.

पुढे सहा महिने तो बेत आमच्या घरात एखाद्या कार्यासारखा वाढत गेला. तवेरा की टेम्पो ट्रॅव्हलर, टोप्या किती, वहिनींच्या गुडघ्यांचे काय, धाकट्यांच्या परीक्षा कधी संपतात. दादाने वही घातली. माझ्या मुलीकडून त्याने मोबाइलवर पाहून कोणत्या पाळण्यानंतर कोणता पाळणा, याचा एक तक्ताही करून घेतला आणि खिशात घडी घालून ठेवला.

पहाटे चारला आम्ही निघालो. कसारा घाटात सगळ्यांनी चहा-वडे खाल्ले आणि साडेदहाला घाटाखालच्या त्या उद्यानाच्या फाटकाशी पोहोचलो. बाहेरचे खाणे आत न्यायची परवानगी नव्हती. वहिनींनी रात्री जागून केलेल्या दशम्या आणि लसणाची चटणी गाडीतच राहिली. वहिनी काही बोलल्या नाहीत, पण मागे वळून त्यांनी गाडीकडे एकदा पाहिले.

दादाचा पाच वर्षांचा नातू उंचीच्या खुणेखाली उभा राहिला तो चार बोटे कमी भरला. त्याने टाचा उचलल्या, मान ताणली, डोळे मिटून घेतले. जणू डोळे मिटले की उंची वाढते. अडकवायचा दांडा शरीराच्या मापाचा असतो, लहान मूल त्यातून निसटेल, म्हणून तो नियम आहे, आणि तो योग्यच आहे. मात्र सहा महिने ज्याला झुकगाडीच्या गोष्टी सांगितल्या, त्याला हे कसे समजवायचे? दुसरीकडे नेला, तर तिथे मोठा मुखवटा घातलेला एक माणूस हात पुढे करून त्याच्याकडे आला आणि पोराने भोकाड पसरले. बारा वाजता ऊन माथ्यावर आले. वहिनींचे गुडघे बोलू लागले. माझ्या मुलीचे आणि बहिणीच्या मुलाचे एका आइस्क्रीमवरून वाजले. दादा मात्र दर अर्ध्या तासाला तक्ता काढून पाही आणि आळीपाळीने सगळ्यांना विचारी, "मजा येतेय ना?"

"हो, हो!" आम्ही म्हणत होतो. परीक्षकासमोर उभ्या असलेल्या विद्यार्थ्यांसारखे आम्ही सगळे पाठ केलेले उत्तर देत होतो.

अखेर त्याने नातवालाच विचारले. मुलांना अजून तेवढी रीतभात आलेली नसते. तो म्हणाला, "आजोबा, घरी कधी जायचं?"

दादाचा चेहरा पाहवेना. तो नातवाला काही बोलला नाही. वहिनींवर मात्र टोपी हरवली म्हणून ओरडला. टोपी त्यांच्या हातातच होती. तेव्हा पुतण्या पुढे झाला आणि जरा चढ्या आवाजात म्हणाला, "अण्णा, जबरदस्तीनं कुणाला मजा येते का?"

अकराच्या अकरा माणसे एका झाडाखाली उभी राहिली. कुणी कुणाकडे पाहीना. पलीकडे कर्ण्यातून आनंदाचे संगीत जोरात वाजत होते. दादा जाऊन एका बाकावर बसला. त्याने खिशातला तक्ता काढला, उलगडला, आणि न वाचताच पुन्हा घडी करून ठेवला. आईबापांना बाकावर बसून राहावे लागू नये म्हणून ज्या उद्यानांची कल्पना निघाली, त्यांतले बाक अजून आईबापांनीच भरलेले असतात, हे मला तिथे दिसले. मला वाटते, त्या दुपारी आमच्यातल्या पुष्कळांना कळले, की ही सहल नातवासाठी नव्हती. जो मुलगा १९९६ मध्ये सात वर्षांचा होता, त्याला दादाने आज आणले होते. आणि तो मुलगा तर छत्तिसाव्या वर्षाचा होऊन समोर उभा होता, टक्कल पडू लागलेला, घराच्या कर्जाचे हप्ते फेडणारा.

पाचदहा मिनिटे गेली. मग पुतण्या बाकाशी गेला आणि म्हणाला, "अण्णा, मला बसायचंय त्या झुकगाडीत. सैल चपला चालत नाहीत म्हणे. तुम्ही धराल?"

तो तासभर रांगेत उभा राहिला. आणि तासभर दादा कठड्याबाहेर उन्हात उभा राहिला. एका हातात पुतण्याच्या चपला, दुसऱ्या हातात त्याचा चष्मा आणि मोबाइल. सावलीत बसा म्हणून आम्ही दोनदा सांगितले. त्याने ऐकले नाही. गाडी वर चढली तेव्हा त्याने मान वर केली, आणि ती खाली आली तरी बराच वेळ तो वरच पाहत होता.

पुतण्या खाली आला तो केस उभे राहिलेला, चेहरा पांढरा पडलेला. दादाने त्याला काही विचारले नाही. तोच म्हणाला, "अण्णा, लई भारी होतं."

"चपला घाल," दादा म्हणाला, "पाय भाजतील."

संध्याकाळी गाडीत बसल्या बसल्या वहिनींनी दशम्यांचा डबा उघडला आणि तो पाच मिनिटांत रिकामा झाला. नातू दादाच्या मांडीवर झोपला तो थेट नाशिक येईपर्यंत. दोन दिवसांनी दादाने वही माझ्यापुढे टाकली आणि म्हणाला, "बेरीज बघ जरा." बेरीज बरोबर होती, ३१ हजारांच्या घरात गेली होती. मात्र ती रक्कम त्याने 'सहल' या नावाखाली मांडली नव्हती. डावीकडे लिहिले होते, 'जुने देणे'.

जून महिन्यात शाळा उघडली की मी वर्गाला निबंध घालतो: 'सुट्टीतील माझी सहल'. वीस वर्षांहून अधिक काळ मी हे निबंध तपासतो आहे. या विषयावर माझा काही अधिकार असलाच, तर तो एवढाच. मुले उद्यानांतल्या पाळण्यांची नावे ओळीने लिहितात, तीनचार ओळींत ती संपतात. मग खरा निबंध सुरू होतो. घाटात गाडी तापली आणि बाबांनी माकडाला केळे दिले. परत येताना आई गाडीत गाणे म्हणाली. आईला गाणे येते हे मला माहीत नव्हते. हॉटेलात खोली एकच होती म्हणून आम्ही सगळे जमिनीवर एका रांगेत झोपलो. ज्यासाठी पैसे भरले ते तीन ओळींत, आणि ज्यासाठी कुणी पैसे भरले नव्हते ते दोन पाने!

एका वर्षी एका मुलाने उद्यानाच्या सहलीवर फार सुरेख निबंध लिहिला. पाण्याच्या लाटा, बर्फाचे घर, उंच पाळणा, सगळे अगदी डोळ्यांपुढे उभे केले होते. परंतु सबंध निबंधात रांग कुठेच नव्हती. कुणाचे पाय दुखले नाहीत, कुणाला ऊन लागले नाही, कुणी कुणावर चिडले नाही. तेव्हा मी ओळखले, की हा मुलगा तिथे गेलेला नाही. त्याचे वडील गंगापूर रोडच्या एका इमारतीवर रखवालदार होते. मी त्याला पैकीच्या पैकी गुण दिले. ज्याला ते उद्यान जसे असायला हवे तसे सापडले, असा माझ्या वर्गातला तो एकटाच होता.

म्हणून अशा सहलींना जाऊ नये, असे मी म्हणणार नाही. जावे. मुलांना उंचावर चढावे, किंचाळावे, पाण्यात आपटावे असे वाटते, आणि त्यांना तसे वाटते तोवरच ते करायचे असते. कालिकेच्या यात्रेतल्या पाळण्यात बसून मीही किंचाळलो आहे. फक्त एक गोष्ट यात्रेकडून उसनी घ्यावी. यात्रेला जाणारा माणूस पाळण्याला दिवसाचा मालक करीत नाही. एखादा पाळणा बंद असेल, एखादे मूल रडेल, पाऊस येईल, तरी त्याची यात्रा पुरी होते. कारण घरातली सगळी माणसे एका दिवशी, एका वाटेने, एकत्र गेलेली असतात, आणि तेवढे पुरेसे असते.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा फराळाचे डबे उघडलेले असतील, आणि घरात कुणी तरी सुट्टीच्या बेताचा कागद पुढे ओढीत असेल. बेत खुशाल करावा. मात्र तिथे गेल्यावर "मजा येतेय ना?" हे विचारू नये. फारच राहवले नाही, तर "भूक लागली का?" एवढे विचारावे. त्या प्रश्नाला कुणालाच खोटे उत्तर द्यावे लागत नाही.